काकवीची बाकी

प्रत्येक गावाला जसा एक पाटील, एक पुजारी आणि दर निवडणुकीत अनामत गमावणारा एक उमेदवार असतो, तसा आपल्या छंदाची फळे लोकांच्या घरी स्वखर्चाने पोहोचवून, त्या बदल्यात 'वा!' एवढ्या एकाक्षरी मोबदल्यावर संतुष्ट राहणारा एक गृहस्थही असतो, आणि त्या गृहस्थाभोवती, ती फळे तोंडात घोळवत घोळवतच, "तुम्ही याचा धंदा का करीत नाही?" असा प्रश्न विचारणारी पाच-पंचवीस माणसेही असतात. ह्या प्रश्नाने महाराष्ट्रातील किती निरुपद्रवी संसार हादरले, याची नोंद कोणत्याही दप्तरात झालेली नाही. मी स्वतः त्या प्रश्नकर्त्यांपैकी एक असल्यामुळे प्रस्तुत लेखनास कबुलीजबाबाचे स्वरूप येणे अपरिहार्य आहे.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी आणि यवत ही स्थानके मागे पडल्यावर, केडगावच्या अलीकडे, मौजे खुटबाव, तालुके दौंड, हे स्थानक लागते. खडकवासल्याच्या कालव्याने ह्या तालुक्याला ऊस दिला, उसाने साखर कारखाना आणि गुऱ्हाळे दिली, आणि हंगामात पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी धुराडी धूर सोडताना दिसतात, त्यांपैकी एकाखाली आमचे अण्णा दिले. अण्णा हे त्यांचे नाव नव्हे. परंतु दौंड तालुक्यात 'अण्णा' म्हटल्याने कोणाचीही ओळख पटण्याचा संभव नसल्यामुळे, त्यांच्या खासगीपणास माझ्या लेखणीपासून काडीचाही धोका नाही.

अण्णा पुण्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. नोकरीच्या उभ्या हयातीत त्यांनी आवक आणि जावक ह्या दोन वह्या इतक्या निष्ठेने वेगळ्या ठेवल्या, की एकीची शाई दुसरीस लागली नाही. गुळाच्या बाबतीत मात्र त्यांच्यापाशी आवक हे सदरच नव्हते, जे होते ते सर्व जावक. वडिलार्जित जमिनीतला ऊस, चुलत्यांच्या गुऱ्हाळातली काहील आणि रविवारची सुट्टी, ह्या तिन्हींचा योग जुळून आला की अण्णा धोतर खोचून चुलवाणापाशी उभे राहत आणि सोमवारी सकाळच्या शटलमध्ये आम्हा नित्याच्या प्रवाशांना पळसाच्या पानात गूळ आणि जुन्या औषधाच्या बाटल्यांतून काकवी वाटीत. माझ्या वाट्याची बाटली खोकल्याच्या औषधाची होती. पुढे पुढे तर खोकला आला तरी मला भाकरीची आठवण होऊ लागली.

त्यांचे गूळ करणे पाहण्यासारखे असे, आणि पाहणाऱ्यास ऐकणेही सक्तीचे असे. चरकातून निघालेला रस काहिलीत पडला, की सत्यनारायणाच्या पोथीचा पहिला अध्याय सुरू होताना यजमानाच्या मुद्रेवर जे गांभीर्य येते ते अण्णांच्या मुद्रेवर येई. रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात चोळल्यावर सुटणारा बुळबुळीत चीक उकळत्या रसात सोडला, की रसातील मळी फेसाबरोबर वर येते. ती झाऱ्याने काढावी, पुन्हा यावी, पुन्हा काढावी, ह्या क्रियेत त्यांना जो आनंद होई तो त्यांच्या कचेरीतील वरिष्ठांना त्यांच्या चेहऱ्यावर कधीही दिसला नसेल. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यात हायड्रॉसची पूड टाकणाऱ्या इसमांविषयी बोलताना ते 'भेसळ' हा सौम्य शब्द वापरीत नसत, 'फितुरी' म्हणत. को ८६०३२ ह्या उसाचा गूळ आणि सहाशे एकाहत्तरचा गूळ डोळे बांधून चाखला तरी मी वेगळा ओळखीन, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. डोळे मात्र कोणी बांधले नाहीत, कारण तोवर आमची गाडी हडपसरला आलेली असे.

पाक उतरविण्याची वेळ ही ह्या पूजेतील महाआरती. काकवी हवी असेल तर रस एकशे पाच-सहा अंश सेल्सिअसला खाली घ्यावा, गूळ हवा असेल तर एकशे अठरापर्यंत न्यावा, असे पुस्तके सांगतात. अण्णांचे पुस्तक म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळायची, ती भांड्याच्या कडेवर आपटायची, आणि जो 'टण्' असा ध्वनी होईल त्यावरून निकाल द्यायचा. तो ध्वनी ऐकताना ते असे डोळे मिटीत, की शेजारी उभा असलेला जाळ घालणारा गडीही भक्तिभावाने चिपाड हातातच धरून थांबे, आणि त्या दोन क्षणांच्या भक्तीत पाक एक अंश पुढे गेल्याचे प्रसंगही मी पाहिले आहेत.

तुकोबांची पालखी यवतच्या मुक्कामी येते, तेव्हा वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण देण्याची तेथे वहिवाट आहे. अण्णा त्या दिवशी गुळाच्या ढेपा घेऊन यवतेत हजर असत, आणि कोणी माळकरी म्हातारा गुळाचा खडा तोंडात टाकून "माउली!" म्हणाला, की ते संबोधन विठ्ठलास, तुकारामास की आपणास, ह्याविषयी त्यांच्या मनात वर्षभर सुखद संदेह नांदे.

अशा माणसाला "धंदा करा" म्हणणे म्हणजे कीर्तनकाराला तिकीट लावा म्हणण्यासारखे आहे. पण आम्ही म्हटले. शटलमधल्या साऱ्या डब्याने म्हटले. तोंडात घास असलेल्या माणसाने दिलेल्या सल्ल्यास व्यापारात किती किंमत द्यावी ह्याचा विचार अण्णांनी केला नाही, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी जाहीर केले, की आपण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या मार्गाने जाणार.

रंगांच्या दृष्टिदोषामुळे ज्यांची चित्रकला सुटली, त्या लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते ह्या समजुतीने शेतकरी त्यास शिवेनात. तरीही १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ही कथा अण्णा तोंडपाठ म्हणत. मला मात्र अण्णांकडे पाहून पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण येई, ज्यांनी अडकित्ते, दिवे आणि दौती जमविण्यात आयुष्य वेचले, दिवंगत मुलाच्या नावाने त्याचे संग्रहालय केले, आणि १९७५ साली ते सारे सरकारला देऊन टाकले. छंदी माणसांची ही दोन घराणी आहेत. आपण किर्लोस्करांच्या घराण्यातले असे केळकरांच्या घराण्यातल्या माणसाला वाटू लागले, की त्याच्या घरच्या माणसांनी सावध व्हावे.

वहिनी सावध होत्या. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूध, गॅस आणि किराणा ह्यांच्या नोंदी करता करता त्यांनी एक असे हिशेबशास्त्र सिद्ध केले होते, की त्यात तारीख, तिथी आणि तूट ही एकाच चौकोनात दिसत. अण्णांनी धंद्याचा मुहूर्त विचारला, तेव्हा त्यांनी दिनदर्शिका उलटून फक्त एवढेच विचारले, "अहो, किलोला पडतो किती?"

ह्या प्रश्नाचे उत्तर अण्णांना गेल्या तीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. त्यांनी नावापासून सुरुवात केली. नावासाठी पंधरा दिवस, बोधचिन्हासाठी महिना. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आला, तो त्यांनी अभंगासारखा पाठ केला. 'उद्यम' नोंदणीचा दाखला चौकटीत बसवून थेट गणपतीखाली टांगला. मग त्यांच्या वाचनात आले, की १८ जुलै २०२२ पासून नाव छापून बंद पिशवीत भरलेल्या गुळावर शेकडा ५ वस्तू-सेवा कर बसला आहे, आणि सुटा गूळ मात्र मुक्त आहे. "म्हणजे गुळाला कर नाही, माझ्या नावाला आहे," असे म्हणून ते तीन दिवस अभिमानाने फिरले. चौथ्या दिवशी एका कर-सल्लागाराने सांगितले, की वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असणाऱ्यास ह्या नोंदणीची गरजच नाही. कर वाचल्याचा एवढा अपमान झालेला मनुष्य मी अन्यत्र पाहिलेला नाही.

दुकान रस्त्यालगत मांडले. पहिल्या आठवड्यात अण्णांना एक सत्य उमगले, की फुकट गुळाला दोष नसतात. ज्यांनी बारा वर्षे "अमृत, अण्णा, अमृत!" म्हटले होते, त्यांनाच आता तो काळा दिसू लागला, कडक लागू लागला, एकाला तर त्यात चिपाडाची काडी सापडली. मी स्वतः "कोल्हापुरी गूळ जरा पिवळा असतो, नाही?" असे एकदा बोलून गेलो. कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन आहे, शाहूपुरीची पेठ १८९५ साली वसली आणि त्याच्याच व्यापाराने गाजली, हे सर्व अण्णांना माझ्याहून अधिक माहीत होते; पण फितूर मित्राला इतिहास सांगायचा नसतो, म्हणून ते काही बोलले नाहीत, नुसते काहिलीकडे पाहत राहिले.

गिऱ्हाइकाशी त्यांची वागणूक ही निराळ्याच प्रकरणाचा विषय आहे. गूळ मागणाऱ्यास ते प्रथम "कशाला हवा?" असे विचारीत. पुरणासाठी म्हटले तर प्रसन्न होत, चहासाठी म्हटले तर खिन्न होत, एका मोटारवाल्याने "पिवळा नाही का?" असे विचारले, तेव्हा त्यांनी त्याला समोरच्या दुकानाचा रस्ता दाखविला आणि वर रासायनिक पदार्थांच्या दुष्परिणामांवर अर्धा तास व्याख्यान दिले, ज्यामुळे त्याच्या मोटारीमागे तीन मोटारी खोळंबल्या आणि त्याही समोरच्या दुकानाकडे वळल्या. जे पसंत पडत त्यांना ते वजनापेक्षा चार खडे जास्त घालीत. जे फार पसंत पडत त्यांच्याकडून पैसे घेताना त्यांना संकोच वाटे.

दिवाळीच्या पाडव्याला वहिनींनी दिनदर्शिका भिंतीवरून उतरविली आणि पतीसमोर मांडली. त्यांचा हिशेब सरळ होता. २०२२-२३ च्या हंगामात उसाचा 'रास्त व किफायतशीर' दर टनाला ३०५० रुपये होता. टन उसाचा गूळ शंभर किलो धरावा. म्हणजे कारखान्याला घातला असता तर आला असता तो पैसा सोडून दिल्यामुळे, जाळ लागण्यापूर्वीच किलोमागे तीस रुपये खर्ची पडले. त्यावर चरक, मजुरी, भेंडी, पिशवी, बोधचिन्ह आणि संकोच. "रास्त तुमचा, किफायत लोकांची," त्या म्हणाल्या. सरकारी शब्दांची इतकी नेमकी फोड मी कोणत्याही शुद्धिपत्रकात वाचलेली नाही.

त्या दिवसापासून मुखत्यारी बदलली. अण्णांची बदली गल्ल्यावरून काहिलीवर झाली, आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यास त्यांना मनाई करण्यात आली. दहा किलोच्या ढेपा, ज्या अण्णांना पुत्रवत् प्रिय होत्या, त्या बंद होऊन अर्ध्या किलोच्या भेल्या आल्या. कारण, वहिनींच्या मते, पुण्याच्या सदनिकेत ढेप ठेवायला जागा नसते आणि फोडायला माणूस नसतो. सुंठ-वेलदोड्याच्या वड्या आल्या, ज्यांना अण्णा 'औषधालय' म्हणत. काकवी, जी आजवर गुळाच्या वाटेवरचे एक अपक्व स्थानक समजून ते वाटून टाकीत असत, तीच काचेच्या बाटलीत सर्वांत अधिक नफा देते असे निघाले. पाकासाठी तापमापक आणला, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता; तिसऱ्या दिवशी अण्णांनी तर्जनी आणि तापमापक ह्यांची समोरासमोर परीक्षा घेतली, दोघांचा निकाल एकच आला, आणि "यंत्र बरोबर आहे," असे प्रशस्तिपत्र त्यांनी त्यास दिले.

दुसऱ्या हंगामाअखेर नफा झाला. गावात त्यांना कोणी कोणी 'शेठ' म्हणू लागले. अण्णा वळून मागे पाहत, की शेठ कोण आला.

ह्या उत्कर्षात एकच घर बुडाले, ते माझे. एका सोमवारी मी नेहमीप्रमाणे खोकल्याची रिकामी बाटली पुढे केली, तेव्हा अण्णा कावरेबावरे झाले आणि त्यांनी खिशातून एक छापील पावती काढली. पावतीवर वहिनींच्या अक्षरात लिहिले होते: 'मागील बाकी: माफ. पुढील: रोख.' बारा वर्षांची काकवी एका शब्दात बेबाक झाली, ह्याबद्दल कृतज्ञ व्हावे की चालू हिशेब बंद झाला म्हणून हळहळावे, हे ठरवीपर्यंत मी खिशातून पैसे काढून दिले होते. काकवी उत्तम होती. पिवळी नव्हती.

इथपर्यंत सारे ठीक होते. परंतु मध्यंतरी मी खुटबावला गेलो, तेव्हा अण्णा काहिलीपाशी नव्हते. तेथे त्यांनी शिकविलेला एक तरुण तापमापक धरून उभा होता. अण्णा आत माजघरात बैठक मारून, लाल कापडाच्या लांबोळ्या वहीत, बोरूसारखी कापलेली निब वापरून रोजमेळ लिहीत होते. वहिनींनी दिनदर्शिकेच्या चौकोनांत कोंबलेले सारे आकडे त्यांनी नव्याने, ओळीने, आवक एका पानावर आणि जावक समोरच्या पानावर, अशा मोत्यासारख्या अक्षरांत उतरविले होते, की ते पाहून मला नफ्यापेक्षा नक्षीच अधिक दिसली. खतावणीच्या बेरजा जुळतात तेव्हा कसा 'टण्' आवाज होतो, ते त्यांनी मला डोळे मिटून समजावून सांगितले. शेजारी आणखी सात-आठ वह्यांची चळत होती.

"ह्या कोणाच्या?" मी विचारले.

"आसपासच्या गुऱ्हाळवाल्यांच्या," अण्णा म्हणाले. "बिचाऱ्यांचे हिशेब फार विस्कळीत असतात. रविवारी बसून लावून देतो. काही घेत नाही मी. आवड म्हणून."

मी निघालो, तेव्हा वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या. त्यांच्या हातात पुढच्या वर्षाची नवी, कोरी दिनदर्शिका होती.

"भाऊजी," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही पुण्यात असता, तुम्हाला ठाऊक. एका वहीचे महिन्याला किती घेतात हो तिकडं?"