अण्णांचं माप

सोलापूरच्या नवी पेठेत समाजवादी शिंपी शोधावा लागत नाही. कापडदुकानांच्या गर्दीतला एखादा अरुंद जिना चढावा. वर मशीन बंद आणि भाषण चालू असलं की समजावं, अण्णा दुकानात आहेत.

अण्णा एकदाच नगरसेवक झाले. पुढं प्रत्येक वेळी पडले, पण 'माजी' हे पद त्यांच्याकडून कुणाला हिसकावता आलं नाही. वॉर्डातल्या निम्म्या मतदारांच्या कमरेचा घेर त्यांना तोंडपाठ. लोकांच्या तक्रारीही ते मापाच्या वहीतच उतरवायचे. त्यामुळं एकदा भर सर्वसाधारण सभेत गरजले, "गटार तुंबलंय! लांबी चाळीस, सीट छत्तीस, दोन चुण्या!" बांधकाम खात्यानं निमूट टिपून घेतलं. गटार तसंच राहिलं.

खरी कारागिरी पक्षाच्या फलकावर. कापडावर कापड कातरून चिन्ह शिवायचं. आधी प्रजासमाजवाद्यांची झोपडी. १९६४ साली सोलापूरची महापालिका झाली, त्याच वर्षी संयुक्त समाजवादी पक्षही जन्मला. मग झोपडी उसवून वडाचं झाड. काही महिन्यांत निम्मी मंडळी झोपडीत परत! तेव्हापासून अण्णा चिन्हाला नुसता कच्चा टाका घालतात. १९७७ला नांगरधारी शेतकरी, १९८९ला चक्र. दुसरा शिंपी एवढ्या फाटाफुटीवर माडी बांधता. अण्णांची उधारीच वाढली. जुना पक्ष म्हणे, नव्याकडून घ्या; नवा म्हणे, जुन्याचं आम्हाला काय?

पैशाचा विषय निघाला की अण्णा १९३०वर जातात. एप्रिलात नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात गावात लष्करी कायदा आला. "चार हुतात्म्यांची नावं गावाला पाठ, पाहिजेतच. पण तो झेंडा शिवला कुणी, हे विचारतो का कोण?" प्रश्न रास्त आहे. फक्त तो ते इस्त्री कापडावर ठेवून विचारतात.

सोलापुरात गिऱ्हाईकही मालक आणि रिक्षावालाही मालक. अण्णांना तेवढं सोसत नाही. हळदीच्या संध्याकाळी एक नवरदेव धापा टाकत जिना चढून आला.

"मालक, पँट झाली का?"

"मालक म्हणू नको बे. मालक असतो तर कुणाकडून तरी शिवून घेतली असती!"