दीड बाहीच्या वहिनी

वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुर्त्याला दोन बाह्या असतीलच असं नाही, आणि असल्याच तर त्यांची एकमेकींशी ओळख नसते. डावी मनगटापर्यंत, उजवी कोपराच्या अलीकडेच थकलेली. घेर एका अंगाला गुडघ्यावर, दुसऱ्या अंगाला घोट्याशी. लग्नकार्यात असं नटणाऱ्या पुष्कळ. वहिनी याच वेषात बँकेत जातात, भाजी आणतात आणि सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलावरून भांडतात.

लोक भले असतात, हाच त्रास. बसमध्ये कुणीतरी कानाशी येऊन कुजबुजतं, "अहो, बटणं एक घर चुकलीत." पेन्शनर आजोबा खिडकीतून पासबुक सरकवताना विचारतात, "आज घाईत निघालात वाटतं?" वहिनी शांतपणे सांगू लागतात, की १९८१ साली रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो या जपानी मंडळींनी पॅरिसमध्ये असले कपडे आणले, तेव्हा... पासबुक छापून येतं. आजोबा पॅरिसपर्यंत थांबत नाहीत.

घरी सासूबाई. "साडीचा पदर तरी कुठे दोन्ही खांद्यांवर असतो?" हा वहिनींचा हुकमाचा एक्का.

"आमच्या वेळी असायचा. दोन्ही खांद्यांवरून घ्यावा लागे."

मग वहिनी बाराबंदी काढतात. एक पान दुसऱ्यावर चढवून कडेला बंद बांधायचे, ते काय सरळ झालं?

"ती सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत घालतात. तू बँकेत चालली आहेस."

पण खरे हाल टेलरमास्तरांचे. साधा कुर्ता बेतताना कापड मधोमध दुमडतात. निम्म्याचं माप आखलं, एकदा कात्री चालवली, की दोन्ही बाजू जुळ्या निघतात. वहिनींच्या कपड्याला मध्यच नसतो. कापड एकेरी पसरायचं, दोन्ही बाजू वेगळ्या आखायच्या, वेगळ्या कापायच्या. "बाही अर्धी, मग शिलाई दीडपट कशी?" यावर मास्तर टेप गळ्यात टाकून नुसते बघत राहतात. त्यांच्या नव्या कारागिरानं एकदा मोठ्या मनानं दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या, वर जादा पैसेही मागितले नाहीत. त्या रात्री वहिनींकडे खिचडी झाली.

बाई गबाळी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मास्तरांकडची ट्रायल बघावी. टोक ठरल्यापेक्षा बोटभर खाली आलं तर वहिनी अख्खी शिवण उसवायला लावतात. "मास्तर, हे तिरकं आहे, पण चुकीचं तिरकं आहे." माझ्या मते आमच्या इमारतीत इतकं काटेकोर दुसरं कुणी नाही. सरळ शर्ट काय, डोळे मिटूनही घालता येतो.

इस्त्रीवाल्यानं मात्र वाद मिटवला आहे. बाकीच्यांच्या कपड्यांच्या घड्या येतात, वहिनींचा कुर्ता गुंडाळी करून येतो. दर तोच.

तेव्हा अशी बाई दिसली तर बटणांबद्दल बोलू नका, ती जिथे हवी तिथेच आहेत. स्कूटरवर मागे बसली असेल तर मात्र हाक मारून थांबवा. लांब बाजू चाकात जाते आणि चाकाला फॅशन कळत नाही.