बिब लावा, रस्ता मिळवा

पावसाळा मध्यावर आला की गावोगावच्या रनिंग क्लबांच्या सूचनांना पूर येतो. ऑगस्टात ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट चढायला लावणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, डिसेंबरात पुणे आणि वसई-विरार, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. सोबत क्लबवार्ता: अमुक भाऊ अखेर ‘सब-टू’ झाले, म्हणजे हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवली, तमुक ताईंचा पीबी, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, काही सेकंदांनी सुधारला, रविवारच्या लाँग रनला स्वतःची बाटली आणावी, नंतरची मिसळ क्लबतर्फे. ज्यांना धावायचे नाही ते हे सगळे न वाचताच पुढे सरकतात. तसे करू नये. शहरात राहणाऱ्या मराठी माणसाने ओळ न् ओळ वाचावे असे पत्रक हेच आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या शहरात, कोणत्या रस्त्यावर पायी माणसाला माणूस समजले जाणार आहे, हे सांगणारे दुसरे खात्रीचे पंचांग आपल्याकडे निघत नाही.

पुरावा मुंबईचाच घ्या. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. साडेपाच किलोमीटरांचा हा देखणा पूल जनतेचा आहे, फक्त जनतेने त्यावर पायी यायचे नाही. मोटारीत बसलेली जनता चालते. पण जानेवारीतल्या त्या एका रविवारी छातीवर क्रमांकाचा कागद, म्हणजे बिब, टाचलेला असला, की तीच जनता त्याच पुलावरून चड्डी-बनियनवर सूर्योदय बघत जाऊ शकते. एरवी रविवार म्हणजे मेगाब्लॉक, म्हणजे ठाण्याहून दादर गाठायचे तर आधी वेळापत्रकाशी आणि मग गर्दीशी झुंज. मॅरेथॉनच्या रविवारी मात्र पहाटेच्या अंधारात धावपटूंसाठी जादा लोकल सुटतात. थोड्या थोड्या अंतरावर पाणी, मध्ये मध्ये तात्पुरती स्वच्छतागृहे, कोपऱ्यावर रुग्णवाहिका, चौकाचौकात पोलीस, आणि तो पोलीस गाडीला थांबवून माणसाला जाऊ देतो! शर्यतीच्या मार्गावरचे खड्डे आधीच्या आठवड्यात बुजतात, हे तर कोणत्याही शहरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सोमवारी हाच माणूस, त्याच पायांनी, त्याच रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. रविवार-सोमवारमधला फरक शोधून पाहिला, तर तो चार सेफ्टी पिनांचा भरतो.

काटेकोरपणाचेही तसेच. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग मोजायची पद्धत मोठी कडक असते. सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावतात, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर राखून सर्वात जवळच्या रेषेने ती चालवतात आणि तरीही चूक नको म्हणून हजारात एक भाग अंतर जास्त धरतात. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये सुमारे ४२ मीटर रस्ता हौसेने जादा दिला जातो, का, तर धावणाऱ्याला एक पाऊलही कमी मिळू नये. ठरल्यापेक्षा जास्त रस्ता देणारी दुसरी यंत्रणा या देशात असल्यास वाचकांनी अवश्य कळवावे. आपल्या पदपथांची कथा उलटी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. त्यातून विजेची पेटी, झाडाचा पार, कमान, फलक, वडापावची गाडी आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या वजा करत गेले की उरते ती रुंदी मोजायला सायकल लागत नाही, पट्टी पुरते.

यावर आमचा तोडगा सोपा आहे. प्रत्येक नागरिकाला जन्मदाखल्याबरोबरच एक बिब द्यावे आणि तो आजन्म शर्यतीत असल्याचे जाहीर करावे. प्रारंभरेषा घराचा उंबरा, मार्ग शहराचे सर्व प्रभाग. दूध आणायला निघालेल्या आजीबाई या ज्येष्ठ गटातील स्पर्धक, दप्तर पाठीवर घेतलेले पोर हे बालगटातले. रस्ता ओलांडायला दोन मिनिटे लागतात की पंधरा, याची नोंद टायमिंग चिपवर होईल आणि निकाल वॉर्ड ऑफिसच्या दारावर लागेल. पदक नको, टी-शर्ट नको, केळे तर मुळीच नको. रस्ता तेवढा शर्यतीचा द्यावा.

पहिला आक्षेप अर्थातच पैशांचा. मॅरेथॉनला प्रायोजक असतात, स्पर्धक शुल्क भरतात, म्हणून सोयी मिळतात. चालणारा काय भरतो? चालणारा मालमत्ता कर भरतो, आणि भाड्याने राहत असला तर घरमालकामार्फत भरतो. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा आहे आणि रस्त्यांची देखभाल त्यात बंधनकारक कर्तव्यांमध्ये येते, ऐच्छिक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले की, चालण्याजोगा, अडथळ्यांविना पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात खड्ड्यामुळे जीव गेल्यास वारसांना ६ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कायदा झाला, हक्क झाला, भरपाईचा दरही ठरला. राहिला तो रस्ता. आणि धोरण म्हणाल तर पुणे महापालिकेने पादचारी धोरण २०१६ सालीच मंजूर केले आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून तिथे पादचारी दिनही साजरा होतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, तीही डिसेंबरातलीच. म्हणजे पुणेकराने वर्षभराचे चालणे डिसेंबरात उरकून घ्यावे, अशी प्रशासनाची काहीशी अपेक्षा दिसते.

दुसरा आक्षेप वाहतुकीचा: रोजच रस्ते बंद केले तर शहर ठप्प होईल. पण रोज रस्ते बंद करा असे म्हणतो कोण? हजारो माणसे एकदम धावतात म्हणून त्यांना सगळा रस्ता लागतो. एकट्या चालणाऱ्याला १.८ मीटर आणि हिरव्या दिव्याचे पुरेसे सेकंद पुरतात. आणि शहर ठप्प होण्याची भीतीच असेल, तर ते अर्धवट खोदलेल्या रस्त्यांमुळे आजही रोज ठप्प होते. फरक इतकाच की त्यात कोणाला पदक मिळत नाही. या आक्षेपातली विनोदाची बाजू इथे संपते. २०२२ साली देशभरात रस्ते अपघातांत ३२ हजारांहून अधिक पादचारी मेले, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. एखाद्या मॅरेथॉनमध्ये एक धावपटू कोसळला तरी पहिल्या पानावर बातमी येते आणि वैद्यकीय व्यवस्थेची चौकशी मागितली जाते, ते योग्यच आहे. या ३२ हजारांच्या छातीवर क्रमांक नव्हता, म्हणून ते फक्त तक्त्यात सापडतात.

तिसरा आक्षेप सर्वात देशभक्तीचा: खडतर रस्त्यांनीच खेळाडू घडतात. महाराष्ट्राने देशाला अविनाश साबळे आणि ललिता बाबर दिले, आणि दोघांची शर्यत एकच, ३००० मीटर स्टीपलचेस. तीत २८ वेळा अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. जुलैमधला आपला कोणताही हमरस्ता डोळ्यांपुढे आणा, मग महापालिका या यशात वाटा का मागत नाहीत याचेच नवल वाटेल. पण हिशेब जुळत नाही. साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातले, बाबर साताऱ्याच्या माणमधल्या. दोन्ही मुलूख दुष्काळी. पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचा सराव तिथे मिळणार कसा? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारे अविनाश हे स्वतःच्या कष्टांनी घडले. उलट ज्या शहरांनी नागरिकांना वर्षानुवर्षे हा सराव फुकट पुरवला, त्या शहरांत तयार झाले ते अस्थिरोगतज्ज्ञांचे दवाखाने.

राहता राहिले क्लबवाले. त्यांना नावे ठेवण्याची फॅशन आहे: महागडे बूट, जेलच्या पुड्या, दर किलोमीटरला घड्याळाकडे नजर. आमचे तसे म्हणणे नाही. पहाटे साडेचारला उठून जो स्वखुशीने रस्त्यावर येतो त्याचा छंद निरुपद्रवीच. तक्रार वेगळी आहे. मार्ग जीपीएसवर पन्नास मीटर कमी भरला तर आयोजकांना लांबलचक पत्र लिहिणारा हा वर्ग, त्याच मार्गावरून मोटारीने घरी परतताना नाहीसा झालेला पदपथ बघतो आणि काच वर करतो. खरे तर शहरातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक बंद दिवा, प्रत्येक उघडे चेंबर यांची सर्वात ताजी माहिती या मंडळींकडे असते. अंधारात घोटा मुरगळून मिळवलेली असते. वकील, डॉक्टर, अभियंते, सरकारी अधिकारी असे सगळे त्यांच्यात असतात. साहेब शनिवारी क्लबचे सहकारी आणि सोमवारी प्रभागाचे अधिकारी, असेही घडत असेल.

तेव्हा क्लबांना विनंती एवढीच. पुढच्या महिन्याचे पत्रक काढाल तेव्हा आगामी शर्यतींच्या खाली आणखी एक तक्ता छापा: आपल्या सरावमार्गावरचे खड्डे, ठिकाण, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, तक्रार क्रमांक, बुजल्याची तारीख. त्याची एक प्रत दर महिन्याला वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. शेवटच्या रकान्यात कोणता अधिकारी ‘सब-टू’ होतो, म्हणजे दोन महिन्यांच्या आत येतो, ते पाहा, आणि येईल त्याला तुमच्या पुढच्या कार्यक्रमात खुशाल पदक द्या.