यंत्राची जागा हेरणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

मा. साहेब,



शहरातली हवा बिघडलीय म्हणणारे लोक दर हिवाळ्यात खोटे पडतात, याचं श्रेय तुमचं एकट्याचं. डंपरवाले, भट्टीवाले, कचरा पेटवणारे वर्षभर राबतात आणि तुम्ही त्यांचं सगळं कर्तृत्व एका सहीनं पुसून टाकता. हवा मोजायचं यंत्र कुठं बसवायचं, त्याची सही!

काय जागा निवडता हो! उद्यानाचा कोपरा, बंगल्यांची कॉलनी, नाहीतर सरकारी इमारतीची गच्ची. हवा ओढणारी नळी जमिनीपासून 3 ते 10 मीटरवर असावी, असं नियम सांगतो. तुम्ही ‘सुरक्षिततेसाठी’ सहावा मजला गाठता. भाजीवाली मावशी मात्र खाली चौकातच बसते. रहदारीचा धूर दोन-तीनशे मीटरवर बराचसा विरतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक, म्हणून नेमकं तेवढं अंतर सोडता. विचारलं तर उत्तर तयार : चौकात विजेची सोय नाही.

दिल्लीत 2025च्या दिवाळीनंतर मापन केंद्राभोवती टँकरनं पाणी मारल्याचे आरोप झाले. किती कच्चं काम! यंत्र आधीच बागेत ठेवलं असतं तर पाण्याचा खर्चही वाचला असता.

तुमचा अभ्यास दांडगा. हवेचा निर्देशांक काढायला दिवसातल्या किमान 16 तासांच्या नोंदी लागतात. म्हणजे रात्री नऊ तास यंत्र ‘देखभालीसाठी’ बंद, की सकाळी ‘अपुरी माहिती’. थंडीत रात्रीच हवा खाली दबते, धूर जमिनीलगत साचतो. देखभालीचा मुहूर्तही तेव्हाचाच निघतो. आपल्याकडे पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. चौपट सूट मिळूनही झाकली मूठच बरी वाटते?

तज्ज्ञ येतात, सांगतात : मोजकी महागडी केंद्रं ठेवा, मधल्या वस्त्यांत स्वस्त सेन्सर पेरा. आधी ते सेन्सर काही आठवडे महागड्या यंत्राशेजारी ठेवून ताडून घ्या, कारण दमट हवेत कण फुगतात आणि सेन्सरमधला लेझर जास्तीचा आकडा दाखवतो. तुम्ही चहा पाजता, ‘दमट हवेत’ एवढंच टिपून घेता, आणि स्वस्त सेन्सर बिनभरवशाचे म्हणून फाईल बंद करता. मुंबईत मात्र 2023च्या नियमावलीनं बांधकामांवर सेन्सर लावायला सांगितलं, तेव्हा हीच जात पत्र्याआड, बिल्डरच्या देखरेखीखाली, एकदम भरवशाची झाली.

नकाशावर तुमचे हिरवे ठिपके छान दिसतात. ते संपतात तिथून पुढं लोक राहतात, एवढं कळवायचं होतं.

आपला,
ठिपक्याबाहेरचा एक नागरिक

ता. क. : चौकातल्या सिग्नलला चोवीस तास वीज असते. त्याच खांबावर जाहिरातीचा फलकही रात्रभर झगमगतो.