सत्तरपैकी किती?

न्यू जर्सीत एडिसनकडच्या कुठल्याही मराठी कार्यक्रमाला जा, चहाच्या टेबलापाशी एक निवृत्त इंजिनिअर काका हमखास भेटतात. बोलतात तुमच्याशी, डोळे मात्र देणगीच्या डब्यावर. आत पडलेल्या डाइमच्या कडेला तांबूस रेघ दिसली की काकांचा रस संपला. कड अखंड पांढरी असेल, तर काका डब्यात एक डॉलरची नोट टाकून ते दहा सेंटचं नाणं उचलतात. सगळे म्हणतात, काय दानत! 1964 पर्यंतच्या डाइममध्ये नव्वद टक्के चांदी असते, हे खजिनदाराला कुणी सांगितलेलं नाही.

काकांच्या बँका दोन. एकीतून पन्नास-पन्नास डाइमचे रोल आणायचे, घरी निवडायचे, उरलेले दुसरीत भरायचे. एकाच बँकेत भरले तर तीच नाणी पुन्हा गळ्यात पडतात. काका दारातून आत आले की पहिल्या बँकेतल्या कॅशियर मुलीची जेवणाची सुट्टी सुरू होते, सकाळचे साडेनऊ का वाजले असेनात.

शोध आहे 1916 च्या ‘मर्क्युरी’ डाइमचा, तोही डेन्व्हर टांकसाळीचा बारीक ‘डी’ असलेल्या नाण्याचा. तशी पाडलीच मुळी 2,64,000. (त्यावरची पंखांच्या टोपीवाली बाई मर्क्युरी नसून स्वातंत्र्यदेवता आहे, हे ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही.) काकांना सापडतात त्या 1944 च्या, ज्या फिलाडेल्फियाने एकटीने तेवीस कोटींच्या वर पाडल्या. पेन्यांचंही, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांचंही, तेच. मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या, 1958 पर्यंतच्या पेन्यांनी लोणच्याच्या बरण्या भरल्यात. बहुतेकींना काही सेंटच मिळतील.

कुणी तांब्याची 1943 ची पेनी नाचवत आला, की काका खिशातून लोहचुंबक काढतात. युद्धात तांबं वाचवायला त्या वर्षी पेन्या पोलादाच्या केल्या होत्या. तांब्याचा मुलामा दिलेली नकली पेनी टचकन चिकटते. आणणाऱ्याचा चेहरा उतरतो, काकांचा उजळतो.

नाणं कितपत झिजलंय याला शेल्डन मापात सत्तरपैकी गुण देतात. काका आता सगळ्यांनाच देतात. काकूंच्या आमटीला त्रेसष्ट. जावयाला चार: “झिजलाय, पण साल वाचता येतं.”

दिवाळीला पुण्याहून आलेल्या मेहुणीने उपकार म्हणून एक बरणीभर पेन्या चिंच-मीठ लावून लखलखीत केल्या. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाही. काकांनी फराळाला हात लावला नाही.

सत्यनारायणाला कलशात टाकायचं पेनीचं नाणंही ते वजन करून देतात. तीन ग्रॅमच्या वर भरलं तर 1982 पर्यंतचं, पंचाण्णव टक्के तांब्याचं. अडीच भरलं तर आत जस्त. “देवाला मुलामा नको.” तांबं वितळवून विकावं, तर 2006 पासून सरकारची बंदी.

नोव्हेंबर 2025 मध्ये चलनातली शेवटची पेनी पाडली गेली. काकूंनी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात काका अडीच हजार पेन्यांची पेटी घेऊन दारात.

“अहो, बंद झाली ना ती?”

“म्हणूनच तर! अजून पन्नास वर्षांनी बघ हिचा भाव.”

काका बहात्तर वर्षांचे आहेत. “बघते हं,” काकू म्हणाल्या, “आधी गॅरेजमधली ती ट्रेडमिल वापरायला लागा.”