आमच्या घराण्याची मूठ

मंगळवारच्या बाजाराला मी भाजी आणावयास जातो असे आमच्या घरातील मंडळी समजतात. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की मी बाजाराची पाहणी करावयास जातो आणि पिशवी केवळ माझ्यासमवेत येते. हा भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. भाजी आणावयास गेलेला इसम टोपलीपाशी वाकतो. पाहणीस निघालेला मनुष्य हात पाठीशी बांधून, वांग्यांकडे किंचित साशंक मुद्रेने पाहून, 'यंदा माल उतरलेला दिसत नाही' असे शेजाऱ्यास ऐकू जाईल इतक्या बेताने पुटपुटतो, तीन टोपल्या ओलांडून पुढे जातो आणि मग काही विसरल्यासारखा परत फिरून त्याच वांग्यांतील पावशेर वांगी घेतो. (शेर कायद्याने जाऊन साठ वर्षे उलटली तरी पावशेर अद्याप शाबूत आहे, आणि तो अडीचशे ग्रॅम भरतो याबद्दल घेणाऱ्याची वा देणाऱ्याची काहीही तक्रार नाही.)

ही ऐट माझ्या अंगी निष्कारण आलेली नाही. खटाव-माणच्या मुलखातील आमच्या या कसब्याच्या पेठेचे शेटेपण कोणे एके काळी आमच्या घराण्याकडे होते. त्या अमदानीत पेठ वसवावयाची म्हणजे सरकारातून कौल मिळावा लागे, नव्याने येणाऱ्या उदमी मंडळींना काही वर्षे जकातीची माफी द्यावी लागे, आणि वाणी, बागवान, तेली, साळी अशांना समजावून आणून त्यांची दुकाने मांडवून देण्याची जोखीम शेटे आणि महाजन या वतनदारांच्या शिरावर असे. त्याच्या मोबदल्यात त्यांना शेला-पागोटे, पानविडा आणि बाजारातील नाना हक्क मिळत, ज्यांतील सर्वांत मनोहर हक्क, निदान माझ्या मते, फसकीचा होता. विकावयास आलेल्या प्रत्येक टोपलीतून आणि प्रत्येक गोणीतून हक्कदाराने एक मूठ उचलावी, दाम देऊ नये, आभार मानू नयेत आणि पुढच्या टोपलीकडे वळावे, इतके साधे या हक्काचे स्वरूप होते. आमच्या त्या पूर्वजाचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर वारंवार उभे राहते: डोईला पागोटे, मागे गोणपाट धरलेला पोरगा, आणि पुढे हरभऱ्यापासून हळदीपर्यंत साऱ्या सृष्टीत अप्रतिहत संचार करणारा तो उजवा हात!

या वैभवाचा लेखी पुरावाही आमच्या घरी आहे. आजोबांच्या लोखंडी पेटीत सापडलेला, कसरीने कडा कुरतडलेला मोडी लिपीतील तो कागद मी तालुक्याच्या गावी जाऊन काचेच्या चौकटीत बसवून आणला आणि सोप्यात, येणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत लावला. मला मोडी येत नाही. परंतु अक्षराचे वळण इतके डौलदार आहे की मजकूर आमच्या गौरवाचा नसून दुसरा काही असेल ही शंका कोणाही सज्जनाच्या मनात येऊ नये.

वतने गेली, फसकी गेली, मी शाळेत मास्तर झालो आणि निवृत्तही झालो. तरी बाजारात शिरताना माझा उजवा हात किंचित शिवशिवतो खरा. म्हणूनच बहुधा भाजीच्या ओळी मी भराभर आटोपतो आणि बाजाराच्या पूर्वेस, चिंचांच्या झाडांखाली, जेथे जनावरे उभी असतात तेथे रेंगाळतो. कारण हाताचे खरे माहात्म्य अजून तेथेच टिकून आहे.

मार्गशीर्षातली पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा किंवा पौषातील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा यांच्यापुढे आमचा गुरांचा बाजार म्हणजे काहीच नव्हे. पण खिलार बैल येथेही येतो, आणि तो आला की हेडीही येतो. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल, असे कोशात लिहिलेले असते. ते अगदीच अपुरे आहे. हेडी हा वस्तुतः मौनाचा व्यापारी होय. घेणारा आणि विकणारा एकमेकांना बैलाचे गुणदोष वाटेल तितक्या मोठ्याने ऐकवतात. परंतु किमतीचा प्रश्न निघाला की सारे चिडीचूप होतात, हेडी खांद्यावरचे उपरणे सोडून समोरच्याच्या हातावर टाकतो आणि त्या झाकणाखाली बोटांना बोटे भिडतात. चार बोटे धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. हे चार म्हणजे चार शेकडे, चार हजार की चाळीस हजार, हे बैलाकडे पाहून ज्याचे त्याने जाणावे. चेहऱ्यावर सुरकुती हलता कामा नये. मी एका हेडीला हात उपरण्याखाली असताना तिसऱ्याच इसमाशी पावसाबद्दल अत्यंत रसाळ संभाषण करताना पाहिले आहे. पाऊस कधी पडेल याविषयी त्याचे अनुमान संपते न संपते तोच इकडे बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हाती गेलेला होता.

या विद्येला भाषेचेही एक अंग होते. जुने व्यापारी गिऱ्हाइकासमोर आपापसांत आकडे बोलताना नंदभाषा वापरीत. तीत केवली म्हणजे एक, उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच आणि अंगळू म्हणजे दहा. ही भाषा पुस्तकातून मुखोद्गत करणारा आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच असेन. आपल्यासारख्या जाणत्याला कोणी फसवू शकत नाही हे योग्य स्थळी कळावे, या हेतूने मी एकदा एका तरुण दुकानदाराच्या कानाशी लागून, अर्थपूर्ण हसून, हलकेच 'मुळू' असे उच्चारले. त्याने तत्परतेने मुळ्याची जुडी माझ्या पिशवीत घातली आणि वीस रुपये झाले असे सांगितले. मी ते दिले.

विषय बैलाचा चालला आहे, तर दातांचे राहून गेले. दुधाचे दात असतात तोवर बैल आदत. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, पुढे सहादाती, आणि आठही भरले की जुळला. खालचा ओठ बोटाने दाबून जनावराचे वय पाहणे हे ज्या सहजतेने आमच्याकडील दहा वर्षांचे पोर करते ती सहजता मला अद्याप साधली नाही. पण माझे जावई, जे नगररचना खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, ते माझ्याहून धीट. त्यांनी एका पांढऱ्याशुभ्र चौशाच्या तोंडाचा वरचा भाग उचकटून पाहिला, तेथे समोर एकही दात नाही असे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी सर्वांसमक्ष जाहीर केले की हा बैल जख्ख म्हातारा असून मालक लबाड आहे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात जन्मतःच नसतात, ही गोष्ट त्यांना सांगण्याचे धाडस कोणीही केले नाही. पाहुण्याचा मान म्हणून मालकाने मान डोलावली; हेडीने मात्र जावईबापूंकडे इतक्या प्रेमाने पाहिले की तसे प्रेम त्यांना आमच्या घरात क्वचितच लाभले असेल. उपरणे त्याच्या खांद्यावरून निम्मे घसरलेही होते. मी जावयांचा दंड धरून त्यांना उसाच्या रसाकडे नेले म्हणून आमच्या दारात आज बैल नाही.

हे सर्व मी आणखी चार पृष्ठे लिहू शकेन, परंतु मुठीकडे परतणे भाग आहे.

उपरण्याखालचा हा सौदा एके काळी धान्याच्या अडतीवरही चाले. त्याला हत्ता म्हणत. ज्याचा माल त्यालाच भाव कळू नये अशी ही तजवीज होती. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ सालीच नियंत्रित बाजार सुरू झाला, आमच्या मुंबई इलाख्यात १९३९ साली कायदा आला, पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा आला, आणि उघड लिलाव हा रिवाज ठरला. कायद्याने उपरण्याखालचा हात बाहेर काढला यात संशय नाही. तो ढिगातून मात्र काढला नाही.

गेल्या साली शेजाऱ्याने आपला घेवडा बाजार समितीच्या आवारात नेला तेव्हा भाव वाचणारा सुशिक्षित मनुष्य बरोबर असावा म्हणून मला नेले, आणि त्या निमंत्रणाने मी पुरेसा फुगलो होतो. पोत्यांचे तोंड सोडले, ढीग झाला, खरेदीदार जमले. पहिल्याने ढिगात हात खुपसून मूठ वर काढली, दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली फोडला आणि उरलेले खिशात टाकले. दुसऱ्याने मूठ नाकाशी नेली आणि चालता चालता जमिनीवर सोडून दिली. तिसऱ्याने कागदाच्या पुडीत बांधून घेतली, कारण तो 'नमुना' होता. चौथ्याला घ्यावयाचेच नव्हते. तो कोणाशी तरी बोलत उभा होता आणि बोलताना त्याचा हात सवयीने ढिगात जात-येत होता. माझा शेजारी, जो मीठ-मिरचीच्या सौद्यात आठ आण्यांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो आणि बांधावरच्या बोराटीसाठी ज्याने सख्ख्या चुलत्यावर दिवाणी दावा लावला आहे, तो तेथे टोपी हातात घेऊन उभा होता आणि प्रत्येक मुठीबरोबर त्याचे डोळे त्या मुठीमागे जात होते. संध्याकाळी हातात पट्टी आली. तीत हमाली होती, तोलाई होती, शिलकेचा आकडा शाईने ठळक केलेला होता. मुठींचा उल्लेख कोठेही नव्हता. चार महिने ज्या घेवड्याला ह्या मनुष्याच्या बायकोने वाकून खुरपले, त्यातील तो मूठमूठ माल कोणत्या खात्यावर खर्ची पडला असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. कारकुनाने मान वर केली नाही. शेजारीच मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुर्जी. फुडल्या बारीला हितंच यायचंय."

परतताना गाडीत मी पुष्कळ बोललो. तो ऐकत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आश्चर्य असे की सोप्यातील चौकट डोळ्यांसमोर असूनही मला तेव्हा फसकीची मुळीच आठवण झाली नाही.

ती आठवण करून दिली ती कोल्हापूरहून आलेल्या एका पाहुण्यांनी. सोप्यात चहा घेताना त्यांनी चौकटीकडे पाहिले, चष्मा कपाळावर चढविला आणि मला न विचारता वाचावयास प्रारंभ केला, कारण दुर्दैवाने त्यांना मोडी येत होती. कागद वतनाचा नव्हता. ती पेठेतील समस्त उदमी आणि भाजीविक्ये यांनी हुजुरात गुदरलेली फिर्याद होती. तिचा मतलब असा की शेटे मजकूर यांचा पंजा गैरवाजवी मोठा असून त्यांची एक मूठ म्हणजे रयतेच्या दोन मुठी होतात, वर ते हात टोपलीत शिरल्यानंतर बोटे पसरतात. सबब यापुढे फसकी शेट्यांनी स्वहस्ते न घेता त्यांच्या कुटुंबाने घ्यावी, असा ताकीदपत्राने बंदोबस्त व्हावा. निवाडा काय झाला हे कळत नाही, कारण तेथून पुढे कसरीने आमच्या घराण्याची बाजू घेतलेली आहे.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तेव्हापासून आमच्या घरी साखरेच्या डब्यात मी हात घातला की 'कुटुंबाने घ्यावी' असे शांतपणे सांगण्यात येते. चौकट मी काढलेली नाही. मोडी येणारे पाहुणे क्वचित येतात, आणि अक्षर खरोखरच सुंदर आहे.

आता एकच बाब उरते. कोथिंबीर विकणाऱ्या आक्का गेली कैक वर्षे, पैसे चुकते झाल्यावर, माझ्या पिशवीत एक मूठ वर घालीत आल्या आहेत. कधी मिरच्या, कधी कढीपत्ता, उन्हाळ्यात नुसत्या काड्या. ही मूठ इतरांनाही पडते हे मी पाहिले नव्हते असे नाही, पण माझ्या पिशवीतील मुठीत वंशपरंपरेचा काही अंश असावा अशी माझी समजूत होती. फिर्यादीचे वाचन झाल्यानंतरच्या मंगळवारी मी आक्कांपुढे चक्क बसलो आणि त्यांना सारी हकीकत सांगितली. माझा हेतू त्यांची करमणूक करण्याचा होता, आणि आपल्या मनाचा मोठेपणा त्यांच्या नजरेस यावा असाही थोडा होता.

आक्कांनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता सर्व ऐकून घेतले.

"म्हंजी आमच्या आज्जेसासूच्या पाटीतलं तुमच्या आज्यानं न्हेलं म्हना की," त्या म्हणाल्या. "ती बी हितंच बसायची, ह्या चिच्चंखाली."

"आज्ज्याच्याही आधीचे, आक्का. फार जुनी गोष्ट आहे."

"मंग तर याज लई झालं आसंल."

एवढे बोलून त्यांनी माझी पिशवी पुढे ओढली. तीत मी नुकत्याच घेतलेल्या भाजक्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, ज्या घरी पोहोचण्यापूर्वीच संपविण्याचा माझा दर मंगळवारचा प्रघात आहे. आक्कांनी हात आत घातला, आणि आत गेल्यावर त्यांची बोटे पसरलेली मला कापडातून स्पष्ट दिसली. ओंजळभर शेंगा पदरात पडल्यावर त्यांनी पलीकडच्या ओळीत वांगी विकणाऱ्या बाईला हाक मारली:

"अगं ये की हिकडं! गुर्जी वाटाय लागल्याती. तुझी बी बाकी हाय!"