आडवी शिस्त

डोहाळजेवणात गर्भारशीला बसवायचे प्रकार किती! झोपाळ्यावर, चंद्रकोरीवर, होडीत, हातात धनुष्यबाण देऊन. फोटोग्राफर सांगेल तसं. कळा सुरू झाल्या की मात्र एकच आसन. टेबलावर उताणं, पाय वर अडकवलेले. पूर्वी शल्यविशारद मूतखडा काढताना रोग्याला असंच निजवत. खडा काय नि बाळ काय, काढणाऱ्याला नीट दिसलं म्हणजे झालं!

१७व्या शतकात पॅरिसच्या फ्रांस्वा मोरिसो या प्रसूतितज्ज्ञाने बाळंतिणीला पलंगावर निजवायचा आग्रह धरला. त्याआधी युरोपातल्या बायका खुर्चीत बसून, उकिडव्या किंवा उभ्याने बाळंत होत. आपल्याकडे तर बुद्धाची आई मायादेवी लुंबिनीत शालवृक्षाची फांदी धरून उभ्याने प्रसूत झाली म्हणतात. शिल्पकारांनी तिला तशीच कोरली. आज ती लेबर रूममध्ये आली असती, तर आधी फांदी काढून घेतली असती आणि मग केसपेपरवर शेरा मारला असता, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’

कोणत्या स्थितीत बाळंत व्हायचं हे बाईच्या पसंतीवर सोडावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये लिहून ठेवलंय. बसून, उकिडवं राहून जोर लावला तर गुरुत्वाकर्षणही मदतीला येतं, तेही फुकट. (बिलात लावता येत नाही, ही त्याची खरी अडचण.)

“सिस्टर, मी जरा उकिडवी बसू?”

“अगं बाई, मॅडमच्या कमरेचा तरी विचार कर!”